कोड चालतो, लायसन्स अडकतं

आपण पुण्याहून बंगळुरूला गेलो काय किंवा टेक्सासहून कॅलिफोर्नियाला गेलो काय, 'जावा लिहायचं लायसन्स दाखवा' असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेतल्या शाळेच्या बाईंनी राज्य बदललं की त्यांना मात्र नेमकं हेच विचारतात. पंधरा वर्षं गणित शिकवलेलं असलं तरी!

याचं मूळ बरंच जुनं आहे. १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे ठेवले, आणि शिक्षण त्यातच आलं. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने शिक्षकांना वाचन, लेखन, अंकगणिताची परीक्षा लावली. मग हळूहळू प्रत्येक राज्याची आपापली चाळणी तयार झाली.

यावर उपाय म्हणून 'नॅसडटेक' या संस्थेचा आंतरराज्य करार आला. पण तो एक करार नाहीच, प्रत्येक राज्याच्या वेगवेगळ्या अटींचा गठ्ठा आहे! तुमचं प्रशिक्षण मानू, पण आमची परीक्षा द्या, आमचा कोर्स करा. म्हणजे इंटरफेस एक आणि इम्प्लिमेंटेशन पन्नास.

यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते सैनिकांचे जोडीदार. बदली आली की पुन्हा फॉर्म, पुन्हा फी. म्हणूनच नव्या 'टीचर मोबिलिटी कॉम्पॅक्ट'मागे संरक्षण खातंही उभं राहिलं. २०२३ मध्ये दहा राज्यांनी कायदे केले आणि तो अमलात आला. पदवी, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि निर्वेध लायसन्स असेल, तर दुसरं सदस्य राज्य त्याच्या तोडीचं लायसन्स देतं. चारित्र्य-पडताळणी मात्र चुकत नाही.

ती हवीच म्हणा. पण सीमा ओलांडली म्हणून बाई त्रिकोणमिती विसरतात का, हे ठरवायला इतकी वर्षं लागावीत?