पाण्याची वाटणी
(सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांची मुंबई इलाख्यातील चोवीस वर्षे)

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, असा मंडळाचा परिपाठ आहे. यंदा तो मोडण्याची मुभा प्रस्तुत लेखकाने संपादक मंडळाकडून मागून घेतली. ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते आपल्या ज्ञातीतील नव्हत, महाराष्ट्रीयही नव्हत. परंतु त्यांच्या आयुष्यातील उमेदीची चोवीस वर्षे मराठी मुलखात गेली, आणि पाण्याविषयी त्यांनी जो विचार येथे मांडला त्याची गरज आज आपल्या दोन जिल्ह्यांस जितकी आहे तितकी क्वचितच अन्य कोणास असेल.

१९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले व दक्षिण सातारा पुढे सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. जिल्हे दोन झाले तरी पाण्याचे दैव एकच राहिले. महाबळेश्वरी पावसाचा कहर, तर माण, खटाव, आटपाडी व जत येथे घोटभर पाण्यासाठी वणवण. २०१९ च्या ऑगस्टात सांगली शहर पुरात बुडाले, तेव्हाही पूर्वेकडील गावे आभाळाकडे डोळे लावून होती. इंग्रजी अमदानीत या विषमतेवर उपाय झाले नाहीत असे नाही. कऱ्हाडनजीक खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात कालवा काढण्यात आला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर माण नदीवर म्हसवडचा तलाव झाला. साताऱ्यास उताराच्या पाटाने पाणी देणारा कासचा तलावही त्याच अमदानीतला. यांपैकी एकही काम विश्वेश्वरय्यांचे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. कारण मोठ्या माणसाच्या नावावर जवळपासची सर्व धरणे चढविण्याची आपल्याकडे हौस फार. त्यांचा संबंध येतो तो सातारा व पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नीरेशी, आणि तोही धरण बांधण्याच्या नव्हे, तर बांधलेल्या धरणाचे पाणी वाटण्याच्या निमित्ताने.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. जन्मसाल कोठे १८६१ दिलेले आढळते. शताब्दी मात्र त्यांच्या हयातीतच १९६० साली साजरी झाली. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतज्ञ. ते लवकर निवर्तले. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असता मुलांच्या शिकवण्या करून विश्वेश्वरय्यांनी आपला खर्च भागविला व १८८१ साली ते बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात एंजिनियरिंगसाठी आले आणि १८८३ च्या परीक्षेत संबंध इलाख्यात पहिले येऊन जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. आपल्या ज्ञातिनिधीतून शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी व ती देताना हात आखडणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचावे.

१८८४ साली मुंबई सरकारने त्यांस असिस्टंट एंजिनियर नेमिले. प्रथम नाशिक, मग लगेच खानदेश. तेथे दातर्ती येथे नळाच्या सायफनने पाणी ओलांडून नेण्याचे काम त्यांजकडे आले. पावसाळा सुरू झाला, पांझरेला पूर येऊन वाळूने काम भरून जाऊ लागले, तेव्हा काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वरिष्ठांस लिहिले. वरिष्ठांस हे रुचले नाही व त्यांनी तसे स्पष्ट कळविले. तरुण विश्वेश्वरय्यांनी वाद न वाढविता पुरातच काम पुरे केले. वाचकांस येथे शिस्तीचे कौतुक वाटेल. मला तर त्यांचे पहिले पत्रच अधिक मोलाचे वाटते, कारण ते खरे होते.

या पांझरेच्या काठी आणखी एक गोष्ट होती व आहे, ती म्हणजे फडपद्धत. बंधाऱ्याखालील शिवाराचे तीन-चार फड पाडावयाचे. एका फडात एका हंगामी एकच पीक. ऊस यंदा या फडात, तर पुढील खेपेस दुसऱ्यात. पाणी सोडण्यास गावाने नेमलेला पाटकरी, राखणीस जागल्या. कोणाची जमीन कोणत्याही फडात असो, पाळी चुकत नसे. हे पाहून विश्वेश्वरय्यांस पुढील कल्पना सुचली असे निश्चयाने म्हणता येणार नाही. पण त्या नदीच्या काठी उभे राहून काम केलेल्या मनुष्याच्या नजरेतून ती सुटली असेल हेही संभवत नाही.

१८९४ च्या सुमारास त्यांस सिंधमधील सक्करला पाठविण्यात आले. सिंधूचे पाणी गढूळ आणि गाळण्याच्या टाक्यांस नगरपालिकेपाशी पैसा नाही, अशी अडचण. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली व वाळूखालून बोगदा नेऊन तिला जोडला. वाळूतून झिरपून निवळलेले पाणी विहिरीत येई, ते टेकडीवर चढवून गावास देण्यात आले. आपल्याकडे कोरड्या नदीत झरा खणून लोट्याने पाणी भरणाऱ्या बाया हेच करीत आल्या आहेत. विद्वत्ता म्हणावयाची ती ही, की साधी गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखविणे. मुठेवरील खडकवासल्याच्या धरणाचेही तसेच. सांडव्यावरून जाणारे पुराचे पाणी अडवावे, तर भिंत उंच करावी लागणार. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसविली. मूळ सांडव्याच्या वर आठ फुटांपर्यंत पाणी तुंबे. त्याहून चढले की दारे आपणहून उघडत, पूर ओसरला की मिटत. १९०३ सालची ही गोष्ट. अशी दारे पुढे ग्वाल्हेरकडे व कृष्णराजसागरासही बसली.

परंतु या लेखाचा खरा विषय १८९९ सालचा आहे. पुणे भागातील कालव्यांचा कारभार हाती येताच त्यांच्या ध्यानात आले की पाणी कमी नाही, वाटणी वाईट आहे. कालव्याच्या मुखाशी असलेले बागाईतदार उसास हवे तितके पाणी घेत. शेपटाकडील गावांस पाळीच येत नसे. शिवाय ज्यांना पाणी भरपूर मिळे त्यांचीही जमीन पाणथळ होऊन खाली बसे, डासांचा व हिवतापाचा उपद्रव वाढे. विश्वेश्वरय्यांनी सुचविले की कालव्याखालील गावोगाव ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक आखावेत; त्यातील काही भागापुरताच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके; ऊस दरसाल जागा बदलील; आणि हे पाणी शेतकऱ्यास काही वर्षांच्या कराराने हमखास मिळेल. उसाचे बागाईतदार आरंभी रागावले, हे सांगणे नकोच. नीरेच्या कालव्यावर तरीही ही पद्धत सुरू झाली आणि १९०१ ते १९०३ या काळात देशभर हिंडलेल्या सिंचन आयोगानेही तिची अनुकूल दखल घेतली.

यानंतरची हकीकत थोडक्यात. ते इलाख्याचे सॅनिटरी एंजिनियर झाले. बेळगाव, धारवाड, विजापूर येथील नळयोजनांची कामे त्यांनी पाहिली. १९०६ साली एडनला जाऊन तेथील पाण्याची व्यवस्था आखली. अनेक ज्येष्ठांस मागे टाकून त्यांस बढती मिळाली होती, पण चीफ एंजिनियरची खुर्ची त्या काळी हिंदी माणसासाठी नव्हती. १९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. मग हैदराबादेत मुसा नदीच्या पुराचा बंदोबस्त, १९०९ पासून म्हैसूरची सेवा, १९१२ ते १९१८ तेथील दिवाणगिरी, कृष्णराजसागर, १९५५ साली भारतरत्न. १९६२ च्या एप्रिलमध्ये बंगलोरला देहावसान. ही कीर्ती सर्वांस ठाऊक आहे व ती म्हैसुरास शोभते. आपल्या वाट्यास आलेला विश्वेश्वरय्या हा त्याहून लहान, कालव्याच्या बांधावर उभा राहून कोणास किती पाणी याचा हिशेब करणारा अधिकारी आहे.

तो हिशेब आपण ठेवला नाही. प्रस्तुत लेखकाच्या चुलत्यांची वाळवे तालुक्यात नदीकाठी काळी, कसदार जमीन होती. उपसा पाणी आले, तेव्हा काकांनी सगळ्या रानात ऊस लावला आणि वर्षानुवर्षे तो तेथेच ठेवला. रात्री दारे धरण्यास आम्ही मुलेही जात असू. पाणी तुंबेतो पाहावयाचे व मग दुसऱ्या सरीत सोडावयाचे, एवढेच आम्हांस ठाऊक. "पाणी आहे तोवर प्यायला घाला," असे काका म्हणत. काही वर्षांनी एका कोपऱ्यात पांढरी खपली दिसू लागली, मग ऊस पिवळा पडला, मग गवतही उगवेना. काळ्या जमिनीत निचरा मुळात मंद. अती पाण्याने खालची क्षारयुक्त ओल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते व क्षार मागे उरतो. शेतकरी यास क्षारपड म्हणतात. वाळवे, मिरज व शिरोळकडील किती घरांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. कित्येकांच्या सात-बारावर अशी एखादी पट्टी असेलच. काकांस कोणी अडाणी म्हणू नये. पाणी मोजून द्यावे असे त्यांस सांगणारा कोणी भेटला नाही, आणि शेजारच्या शेतातही तेच चालले होते.

आता ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांचे पाणी पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत पोहोचू लागले आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांच्या जमिनी तेथे आहेत, आणि पहिले पाणी येताच तेथेही प्रथम ऊसच लागत आहे. कालव्याच्या मुखाशी कोण, शेपटाशी कोण, हे आता ठरते आहे. मंडळाच्या वार्षिक सभेत गतवर्षी वधूवर सूचक मंडळावर दोन तास चर्चा झाली; पाणीवाटप सोसायट्यांचा विषय अध्यक्षांनी काढला, तेव्हा पंक्तीची वेळ झाली होती.

काकांच्या शेतात माझ्या चुलतबंधूंनी अलीकडे जमिनीखालून सच्छिद्र नळ घालून निचऱ्याचे पाणी ओढ्यास काढून दिले आहे. खर्च बराच आला. चार एकरांपैकी अडीच एकरात गहू व हरभरा पुन्हा येऊ लागला आहे. उरलेल्या दीड एकरास अजून दोन-तीन पावसाळे लागतील, असे ते म्हणतात.