उपहासाचें आयुष्य

ढोंगी धर्मोपदेशकाचा उपहास त्याच्या पतनानंतर किती काळ जगतो? हा प्रश्न ‘हेवी मेटल’ नामक कर्कश पाश्चात्त्य संगीतांतील पदांवरून सुचावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें या पदकारांस जें खाद्य पुरविलें, तें थोड्याच उपहासकारांच्या वांट्यास आलें असेल.

दूरचित्रवाणीवरून प्रवचनें करून भाविकांकडून देणग्या उकळणाऱ्या उपदेशकांचा तो सुकाळ होता. पैकीं जिम बेकर यानें मार्च १९८७ मध्यें आपलें पद सोडलें. १९८९ सालीं तो फसवणुकीबद्दल दोषी ठरला. जिमी स्वॅगर्ट तर रॉक संगीतावर कडाडून तुटून पडणारा. एका वेश्येशीं असलेल्या त्याच्या संबंधाचा बोभाटा झाला, तेव्हां फेब्रुवारी १९८८ मध्यें त्यानें कॅमेऱ्यासमोर अश्रू ढाळीत पापाची कबुली दिली. त्याच वर्षीं ऑझी ऑस्बोर्न यानें ‘मिरॅकल मॅन’ या गाण्यांत त्याचा समाचार घेतला. वैरी असा आयता हातीं सांपडल्यावर संयम कोण राखतो! गाणें झणझणीत आहे. पण आजच्या विद्यार्थ्यांस आधीं स्वॅगर्ट कोण हें सांगावें लागतें, आणि तेवढ्यांत हंसूं विरून जातें.

‘मेटॅलिका’चें ‘लेपर मसायाह’ १९८६ मधलें, म्हणजे या दोन्ही प्रकरणांपूर्वीचें. त्याचा रोख एका माणसावर नाहीं, द्रव्य व आंधळें आज्ञापालन यांवर चालणाऱ्या धंद्यावर आहे. चॉसरचा पापमुक्तिपत्रें विकणारा पार्डनर आपण सहा शतकांनंतरही ओळखतों, तो याच कारणानें. ‘जेनेसिस’चें (हे मेटलवाले नव्हेत) अशाच उपदेशकावरील १९९१ मधलें गाणें ‘घोस्ट’ या स्वीडिश मेटल-मंडळीनें २०२३ मध्यें पुन्हा गायिलें, तेव्हां त्यास तळटीप जोडण्याची गरज नव्हती.

सर्वांत लवकर म्हातारी झाली ती केवळ धक्का देण्यासाठीं केलेली देवनिंदा. न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’नें १९८१-८२ मध्यें सैतानाचा जो जयघोष केला, त्यानें दचकण्यास श्रोता मुळांत भाविक असावा लागतो, तो तसा नसला कीं उरतो नुसता नाटकी वेष. उलट, सैतानपूजक म्हणून बदनाम झालेल्या ‘ब्लॅक सॅबथ’नें १९७१ सालीं ‘आफ्टर फॉरएव्हर’मध्यें श्रद्धेची टवाळी करणाऱ्यांनाच चिमटा काढला होता. कॅथलिक घरांत वाढलेल्या गीझर बटलरचे ते शब्द.

असें असूनही ‘मिरॅकल मॅन’ मला टाकवत नाहीं. त्यांतील चीड खरी आहे, आणि निर्नांवी उपहासांत ती क्वचितच उतरते. स्वॅगर्ट १ जुलै २०२५ रोजीं वारला, ऑस्बोर्न त्याच महिन्याच्या २२ तारखेस.