दृष्टीआडची सृष्टी आणि तिची प्रदर्शने

‘दृष्टीआड सृष्टी’ असे आपण सहज म्हणतो. पण जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही ती संग्रहालयात मांडावयाची कशी, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात खरोखरच उभा राहिला. अब्जांश विज्ञान, म्हणजेच नॅनोविज्ञान, हे अशा सृष्टीचे शास्त्र होय. एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते.

या सृष्टीचे जुने नमुने संग्रहालयांत फार पूर्वीच येऊन पोहोचले होते; मात्र ते कला म्हणून. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. समोरून उजेड पडला तर ते हिरवे दिसते, आतून उजेड आला तर लाल. १९९० साली संशोधकांनी दाखवून दिले की, काचेत सोन्याचांदीचे सुमारे ७० नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले आहेत आणि रंगाची ही किमया त्यांचीच आहे.

नवव्या शतकात अब्बासी खिलाफतीतील इराकच्या कुंभारांनी याच जातीची करामत मातीच्या भांड्यांवर केली. भाजलेल्या भांड्याच्या चकचकीत लेपावर चांदी व तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढावयाची आणि धुराने कोंडलेल्या भट्टीत भांडे पुन्हा भाजावयाचे. धुरामुळे प्राणवायू कमी पडे, धातू मोकळा होई आणि त्याचे अतिसूक्ष्म कण लेपाच्या पृष्ठभागाखाली बसत. भांडे मातीचे, पण झळाळी सोन्याची! हा हुन्नर पुढे इजिप्त, इराण व स्पेनपर्यंत गेला. इराणातील काशान येथील कुंभारांच्या घराण्यात जन्मलेल्या अबुल कासिम याने इ. स. १३०१ च्या सुमारास ही कृती लिहून ठेवली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. या कारागिरांना अब्जांश विज्ञान ठाऊक होते, असे म्हणणे बरोबर नाही. त्यांना ‘कसे करावे’ ते ठाऊक होते. ‘असे का होते’ हे ठाऊक नव्हते. पूर्वजांच्या हुन्नराचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो आजच्या अभ्यासाच्या जागी ठेवू नये.

‘का’ हा प्रश्न मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये हाती घेतला. सोन्याच्या सूक्ष्म कणांचे लालभडक द्रव त्यांनी तयार केले. कण सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नव्हते. परंतु द्रवातून प्रकाशझोत सोडताच त्याची वाट उजळून निघाली. त्यांच्या त्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत.

पुढे १९५९ साली रिचर्ड फाइनमन यांनी अणुपातळीवर वस्तू घडविण्याची कल्पना मांडली. १९८१ साली बिनिग व रोहरर यांनी अणूंची ठेवण दाखविणारे यंत्र तयार केले. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शास्त्रज्ञांना अणू ‘दिसले’. सामान्य माणसाचे काय?

त्यासाठी अमेरिकेत २००५ साली बोस्टन, मिनेसोटा व सॅन फ्रान्सिस्को येथील विज्ञान संग्रहालयांनी पुढाकार घेऊन सरकारी अनुदानातून संग्रहालयांचे एक जाळे उभारले. २००८ पासून देशभर ‘नॅनोडेज’ भरू लागले. त्यांतील प्रयोग अगदी साधे होते. एक नेहमीचा कप आणि एक इवलासा कप पाण्याने भरून उलटा करा : मोठ्यातील पाणी सांडते, लहानातील सांडत नाही. आकार घटला की गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताण वरचढ ठरतो, हे मूल क्षणात समजते. पाण्यावर बिनरंगी नखपॉलिशचा एक थेंब टाकून तो पातळ पापुद्रा काळ्या कागदावर उचलला की इंद्रधनुष्य उमटते. रंग नसलेल्या वस्तूला केवळ पातळपणामुळे रंग येतो. या जाळ्याने तयार केलेल्या छोट्या फिरत्या प्रदर्शनातील मजकूर इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत होता, म्हणजे घरी स्पॅनिश बोलणाऱ्या आईबापांनाही मुलांबरोबर तो वाचता यावा. तंत्रज्ञानाच्या फायद्यांबरोबर त्याचे समाजावर काय परिणाम होतील, हाही विचार तेथे मांडलेला होता.

पालकांनी यातून घ्यावयाचा बोध हाच. घराण्याच्या भट्टीत कोंडलेला हुन्नर घराण्याबरोबर संपतो. सर्वांसमोर मांडलेले ज्ञान वाढते. आपल्या मुलाला, आणि तितक्याच अगत्याने मुलीला, एखाद्या सुट्टीत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्यावे. तेही शक्य नसेल तर शाळेच्या प्रदर्शनात एक परात पाणी, काळा कागद आणि नखपॉलिशची बाटली एवढे साहित्य पुरेसे आहे.

विद्यार्थिमित्रहो, त्या परातीशेजारी मराठीत आणि उर्दूत एक पाटी लिहून लावा. पाहणाऱ्याने ‘असे का होते?’ असे विचारले, की तुमचे प्रदर्शन यशस्वी झाले असे समजा.