भाड्याची मोटार आणि सिंहाचे कलम

परदेशातील विमानतळावर उतरलेला प्रवासी, रात्रभराच्या जागरणाने डोळे चुरचुरत असताना, मोटारी भाड्याने देणाऱ्या कचेरीत उभा राहतो. कारकून हसतमुखाने कागद पुढे सरकवतो आणि विचारतो, "विमा घेणार ना?" नको म्हणावे तर भय वाटते, हो म्हणावे तर कधी कधी खर्च भाड्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. मागे रांग खोळंबलेली असते. निर्णय अर्ध्या मिनिटात घ्यावयाचा असतो. प्रश्न मात्र पावणेचार हजार वर्षांचा आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायदा कोरलेली शिळा १९०१-०२ साली इराणातील सुसा येथे सापडली. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. भाड्याने घेतलेल्या बैलासंबंधी तीत स्वतंत्र कलमे आहेत. बैल माळावर सिंहाने मारला, तर नुकसान मालकाचे. घेणाऱ्याच्या हयगयीने वा मारहाणीने मेला, तर बैलाच्या बदली बैल द्यावा. डोळा गेला तर निम्मी किंमत, शिंग मोडले तर पाव. आणि दैवी आघाताने बैल मेला, तर घेणाऱ्याने देवाची शपथ वाहावी व मोकळे व्हावे. शिंगापर्यंत हिशेब करणाऱ्या त्या कायदेपंडितांचे कौतुक वाटते! ज्याची चूक त्याचा भुर्दंड, आणि चूक कोणाचीच नसेल तर हानी मालकाची, असा हा न्याय आहे.

इंग्रजी कायद्यात याच्याशी जुळणारे तत्त्व विल्यम जोन्स यांनी १७८१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढे कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि 'शाकुंतला'चा इंग्रजी अनुवाद करणारे जोन्स ते हेच. भाड्याने वस्तू घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी. त्याहून अधिकाचे ओझे त्याच्यावर नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याची १५१ व १५२ ही कलमे तेच सांगतात. मात्र १५२ व्या कलमात एक अट आहे: निराळा करार नसेल तर.

मोटारीच्या धंद्याने नेमका हा निराळा करारच केला. १९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्स या तरुणाने डझनभर फोर्ड गाड्यांवर हा व्यवसाय आरंभिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो विमानतळांवर पसरला. हजारो अनोळखी हातांत आपली यंत्रे सोपवणाऱ्या मालकाला प्रत्येकाची चूक शाबीत करीत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून छापील करारनाम्यात कलम आले: चूक कोणाचीही असो, गाडीची हानी घेणाऱ्याने भरून द्यावी. सिंहाचे कलम असे उलटे झाले. उभ्या गाडीला दुसऱ्याने धडक दिली, तरी देणे आपल्याकडे येते.

आणि मग त्याच खिडकीत, रोजच्या दराने, त्या देण्यातून सुटका विकली जाते. हिला 'कोलिजन डॅमेज वेव्हर' म्हणतात. हा काटेकोर अर्थाने विमा नव्हे. मालकाने आपला दावा सोडण्याची ती किंमत होय. जोन्स यांच्या तत्त्वाने निरपराध माणसाला जे फुकट मिळत होते, ते आधी सहीने गमवावयाचे आणि मग विकत घ्यावयाचे! न्यूयॉर्क राज्याला हा प्रकार इतका खटकला, की १९८९ साली त्याने या माफीची विक्रीच बंद केली. २००३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

तरीही माफी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. परदेशी कारखान्यात दार बदलण्याचा खर्च पर्यटकाला झेपेलच असे नाही. परंतु ती पुष्कळदा अपुरी असते. टायर, काचा, गाडीचा तळ हे वगळलेले असू शकतात. करारात नाव नसलेल्याने गाडी चालविली किंवा चालक प्यालेला असला, तर ती रद्दच होते. युरोपात माफीनंतरही ठरावीक रक्कम, जिला 'एक्सेस' म्हणतात, बहुधा आपणच सोसावयाची असते. तिच्यापुरता विमा घरून निघण्यापूर्वी स्वतंत्रपणे घेता येतो, आणि तो सहसा स्वस्त पडतो. काही बँकांच्या क्रेडिट कार्डांवरही असे संरक्षण असते. मात्र त्यासाठी खिडकीतील माफी नाकारावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गाडीपेक्षा मोठी जोखीम गाडीखाली सापडणाऱ्या माणसाची. त्याच्यासाठीचा विमा ब्रिटनने १९३० च्या कायद्याने सक्तीचा केला, भारतात ती सक्ती १९४६ पासून आली. युरोपात भाड्याच्या गाडीबरोबर हा विमा येतोच. अमेरिकेत प्रत्येक राज्याची किमान मर्यादा निराळी, आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णालयाच्या खर्चापुढे अगदी तुटपुंजी. शिवाय २००५ च्या संघीय कायद्यानंतर, चालकाने अपघात केला म्हणून केवळ मालक या नात्याने भाड्याने देणाऱ्या कंपनीवर दावा चालत नाही. जखमी माणूस थेट चालकाकडे येतो. तेव्हा तिकडे मुलाबाळांकडे जाऊन गाडी घेणाऱ्या आपल्या मंडळींनी पत्र्याच्या माफीआधी ही मर्यादा किती, ते विचारावे. आणि कमी असेल तर वाढीव विमा तेवढा अवश्य घ्यावा.