मृगजळापुढे भिंग

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर चक्राकार बारवेसाठी प्रसिद्ध आहे. शिकारीच्या दुर्बिणीचा विचार करताना मात्र भोवतालची काळी, सपाट, उघडी जमीन जास्त महत्त्वाची. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातली शिकार म्हटले की 1902 साली वरंगळकडे मारलेल्या वाघाशेजारी उभा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आठवतो. ते दृश्य छायाचित्रकार दीनदयाळांनी टिपलेले. पण वाघासाठी दुर्बिणीची गरज थोडीच. हाकेकरी त्याला मचाणाखाली आणत आणि बार जवळूनच उडे. भिंगाची खरी परीक्षा होई ती मराठवाड्याच्या माळावर, काळविटापुढे.

काळा नर लांबूनही ओळखू येतो. प्रश्न असे तो कळपातला सर्वांत मोठ्या शिंगांचा कोणता, हा. लंडनच्या रोलंड वॉर्डने 1892 पासून शिंगांच्या मापांची नोंद छापायला सुरुवात केल्यावर या हौसेला इंचांची चटक लागली. जर्मनीच्या झाइस कंपनीची लोलकाची दुर्बीण 1894 मध्ये बाजारात आली ती जणू याच मुहूर्तावर. मग साहजिकच वाटे, जितकी पट जास्त तितकी दुर्बीण चांगली. माझ्या मते इथेच फसगत होते. चैत्र-वैशाखात नऊ वाजल्यापासून माळ तापून हवा थरथरू लागते आणि दुर्बीण काळविटाबरोबर ती थरथरही मोठी करते. मृगजळ बारा पटींनी वाढवून मिळते, एवढेच. म्हणून काम पहाटेचे आणि तिन्हीसांजेचे. त्या वेळी कमी पडतो तो उजेड. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते: 8×30 ला, म्हणजे आठ पट आणि तीस मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला, पावणेचार मिलिमीटर, 7×50 ला सात. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. त्यात लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड वाया जाई. असे दहा पृष्ठभाग असले की तिसरा हिस्सा गेलाच. झाइसच्याच स्माकुलाने 1935 मध्ये परावर्तन रोखणारा लेप काढला. शिकाऱ्याच्या दृष्टीने मोठी सुधारणा ही, पटींची नव्हे.

कोणी म्हणेल, 7×50 गळ्यात अडकवून उन्हात मैलभर चालून पाहा. खरे आहे, शिवाय दुपारी बाहुली आकसलेली असते, तेव्हा तो जादा उजेड फुकटच. पन्नाशी उलटलेल्या शिकाऱ्याची बाहुली तर अंधारातही पुरती उघडत नाही. अशाला 8×30 पुरे. पण ही तडजोड वजनाशी आणि वयाशी झाली. पटीचा मोठेपणा त्याने सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. फासेपारध्यांनी भिंगाशिवायच हरणे धरली. शिकवलेल्या जनावराच्या आडोशाने ते कळपाजवळ जात आणि वाटेत फास मांडत. अंतरावरचे दिसावे म्हणून साहेब पैसे मोजी. पारधी ते अंतरच चालून मिटवी. त्याला पोट भरायचे होते, शिंगे मापायची नव्हती, आणि फास शिंगांची लांबी पाहून आवळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांचीही शिकार बंद केली. साहेबाची हौस सुटली; पारध्याचा धंदा बुडाला.