दांड्यावरचा हात

या, पडवीतच या. चपला पायात असू द्या, खाली लोखंडाचा कीस पडलाय. तुम्हाला वाईला बोलावलं ते ढोल्या गणपती दाखवायला नाही, घाटावर फिरवायलाही नाही. तिकडे जाऊच, पण जरा लांबच्या वाटेनं. आधी हे बघा. फळीच्या कडेला चापानं आवळून बसवलेलं, हातानं फिरवायचं धारेचं यंत्र. एका अंगाला सहा इंची चाक, दुसऱ्या अंगाला दांडा आणि मधे बिडाच्या पेटीत दडलेली दातेरी चक्रं.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी भंगाराच्या ढिगात हे सापडलं. किलोवर घेतलं. दांडा जागचा हलत नव्हता. पेटी उघडली तर आतलं वंगण वाळून डिंकासारखं झालेलं. दोन दिवस घासलेटात बुडवून ठेवलं, मग दात घासायच्या ब्रशनं एकेक दाता मोकळा केला. जो राखाडी चिखल निघाला तो चिमटीत चोळून पाहिला, तर खरखरीत. झिजलेला दगड आणि झिजलेलं लोखंड, तेलात मुरलेलं. किती विळे, किती कोयते त्या चिखलात होते कोण जाणे.

चाकाचं काय झालं तेही सांगतो, कारण जुनं यंत्र हाती आलं की पहिली परीक्षा चाकाची. ते काढून बोटावर टांगायचं आणि लाकडी मुठीनं हलकेच टोकायचं. धड चाक टणकन बोलतं. हे ‘ठक्’ म्हणालं. आत चीर होती. चिरलेलं चाक फिरवणं म्हणजे तोंडासमोर गोफण फिरवणं, म्हणून ते मी बाजूला ठेवलं आणि नवं बसवलं. दोन्ही अंगांना जाड कागदाच्या चकत्या, म्हणजे नट आवळताना दगडावर ताण येत नाही. पातं टेकवायची पट्टी चाकापासून जेमतेम तीन मिलिमीटरवर. जास्त फट ठेवली की पातं आत ओढलं जातं आणि बोटही.

रंग मात्र दिला नाही. जुनी यंत्रं रंगवून शोकेसमध्ये ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते तुम्हाला ही मूठ सांगेल.

बघा, हात लावून बघा. बाभळीची मूठ आहे. इथे, खालच्या बाजूला, अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात मावत नाही. तुमचाही मावणार नाही. मोठ्या माणसाचा हात जिथे सहज पडतो त्याच्या दोन बोटं खाली आहे तो. वर्षानुवर्षं इथे एका पोराचा हात होता. पॉलिश पेपर फिरवला असता तर पाच मिनिटांत तो पोरगा पुसला गेला असता. मी नुसतं गोडं तेल लावलं.

आता मूठ धरा. उजव्या हातानं, त्या खळग्यात जेवढा मावेल तेवढा अंगठा ठेवून. आणि फिरवा. उलटं. हो, उलटंच.

थंडी वाजतेय ना? माघातली सकाळ आहे, १९३५ च्या आसपासची. कृष्णेवरून धुकं उठतंय आणि पांडवगड अजून कुठेच दिसत नाही. धोमला धरण व्हायचंय, त्यामुळे नदी थंडीतली बारीक, दगडांतून वाट काढणारी. घाटावर धुणं आपटल्याचा आवाज येतोय. तुमच्या अंगात एक बंडी आहे, पाय अनवाणी आहेत आणि तुमचं वय दहा. घाबरू नका. हात शाबूत आहेत, आणि आज दिवसभर फक्त हातच लागणार आहेत.

आज बाजार आहे. लोहाराच्या पालासमोर गाड्या सुटल्यात, बैल कडबा चघळतायत. शेणाचा, ओल्या गोणपाटाचा, हळदीचा आणि कोळशाच्या धुराचा वास एकात एक मिसळलाय. भाता श्वास टाकतोय. ऐरणीवर घण पडला की जमीन तुमच्या टाचेखाली हलते. आणि तुमच्यासमोर, फळीला आवळलेलं, काळंशार, नवं कोरं, हेच यंत्र. मूठ गुळगुळीत आहे. खळगा नाही. तो तुम्ही पाडायचाय.

“आरं पोरा, बगतोस काय? धर की दांडा.”

तात्या. लोहार. भुवया जळून अर्ध्या झालेल्या, हातांवर ठिणग्यांच्या खुणा. त्यांच्या हातात उसाचा कोयता आहे. लहानशी पटाशी असती तर त्यांनी एका हातानं दांडा फिरवून दुसऱ्यानं ती धरली असती, पण कोयत्याला दोन्ही हात लागतात. म्हणून तुम्ही.

पहिले दहा फेरे मजेचे. दांडा एकदा फिरला की चाक बारा वेळा फिरतं आणि गुं-गुं करायला लागतं. मग कोयता टेकतो, आणि कुणीतरी दांड्याला लोंबकळल्यासारखा हात जड होतो. तुम्ही खांद्यानं रेटता, पाय रोवता. ठिणग्यांची पिवळी झाडणी तात्यांच्या मनगटावरून जमिनीवर सांडते. दोन-चार तुमच्या पोटरीला डसतात, मुंगी चावल्यासारख्या. केस जळल्याचा वास येतो. तो तुमच्याच हाताचा.

“दमानं. एकसारकं. धावायचं न्हाई.”

खरी शिकवण हीच. जोर सगळ्यांकडे असतो, एकसारखेपणा नसतो. तुम्ही मंदावलात की चाक पात्याला चावतं आणि धारेत खड्डा पडतो. एकदम जोर केलात की तात्यांचा हात उडतो. ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांचे डोळे धारेवर आणि कान चाकावर. चाकाचा सूर उतरायच्या आधीच त्यांचा दाब सैल होतो, आणि त्यांचा दाब यायच्या आधी तुमचा खांदा आवळतो. दुपारपर्यंत तुम्हालाही ते ऐकू यायला लागेल.

मधे मधे कोयता चर्रकन पाण्यात जातो. डालड्याच्या डब्याएवढी मातीची कुंडी आहे, पाणी गढूळ, वर काळी साय. पातं तापून निळं पडलं तर त्याचं पाणी उतरतं आणि मग ती धार दोन उसांतच मरते. लोहाराची अब्रू त्या निळ्या डागात असते. माझ्या कोपऱ्यात विजेवरची दोन यंत्रं आहेत, मिनिटाला जवळपास २,८०० फेरे घेणारी. त्यांच्यावर नवख्यानं विळी टेकवली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती निळी होते. तुम्ही जीव काढून फिरवलंत तरी सातशेच्या घरात. मुळातला संथपणाच पात्याला राखतो.

आता ठिणग्यांकडे बघा, जरा दम खाताय तोवर. बिडाचा तुकडा आला की ठिणगी आखूड, तांबूस, निघाली न निघाली तशी विझणारी. साध्या लोखंडाची लांब सरळ रेघ. आणि पोलादाची फुटते, टोकाशी फुलबाजीसारखी. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, “पोलाद हाय, खास आणलंय.” तात्या काही बोलत नाहीत, एकदा टेकवतात, ठिणगी बघतात आणि पैसा-दोन पैसे कमी सांगतात. त्या माणसालाही कळतं.

गर्दी वाढतेय. ऊन चढलं, धुकं गेलं, पांडवगड एकदम डोक्यावर आल्यासारखा. गुऱ्हाळं चालू आहेत म्हणून कोयते ढिगानं. कुऱ्हाडी, खुरपी, सुताराची रंध्याची पाती. शेतकरी उकिडवे बसून किर्लोस्करवाडीच्या नांगराची आणि सातारारोडच्या कूपरच्या नांगराची तुलना करतायत. किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना थाटला तेव्हा लोखंडी नांगरानं जमीन नासेल म्हणणारेच आता कुठला बरा यावर हमरीतुमरीवर आलेत. आपल्या गावची माणसं पैसे देत नाहीत. त्यांचं बलुतं सुगीला येईल, पेंढ्यांनी आणि पायलीनं. बाजारचं गिऱ्हाईक मात्र रोखीचं.

एक म्हातारी तुमच्या कानाशी वाकते. तोंडात तंबाखूची मिशरी, हातात फडक्यात गुंडाळलेली विळी.

“बाळा, माझी कवा व्हायची रं? उच्छाव तोंडावर आलाय.”

कृष्णाबाईचा उत्सव. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, प्रत्येक घाटाचा आपापला. देवी मांडवात बसेल, पंगती उठतील आणि भोपळ्यांचे डोंगर चिरायला विळ्या लागतील. तात्या विळीला जास्त वेळ देतात. कोयत्याला मारायचं असतं, विळीला बसून चिरायचं असतं. धार चाकावर झाली की ते ती निसण्यावर पाण्याचा थेंब टाकून हळूहळू फिरवतात, कडेला उठलेली केसासारखी कड मोडून काढतात. मग अंगठा धारेवर आडवा, पिसासारखा. म्हातारी पदरातून दोन शेंगदाण्याचे लाडू काढते. एक तात्यांना, एक तुम्हाला. तो खाताना दाताखाली दगडाची कचकच लागते. दिवसभर सगळ्याचीच लागणार आहे. संध्याकाळी नाक शिंकराल तर काळं.

आणि अंगठा दाखवा. आलाय ना फोड? इथेच. मुठीच्या खालच्या बाजूला.

हात बदलू नका, आणखी थोडं उलटं फिरवा. दांडा नाहीसा होतोय, हातात वादी आलीय. चामड्याची, तेल पाजलेली.

हे १७६२ साल. डोळे दिपले? समोरचा दगड कोरा आहे म्हणून. ढोल्या गणपतीचं देऊळ उभं राहतंय, गणपतराव भिकाजी रास्त्यांचं. मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचं पाणी फाकून जावं म्हणून. शंभर ठिकाणी छिन्नीची टणटण चाललीय, दगडाची भुकटी घामावर बसून सगळी माणसं पांढरी झालीत. वडाच्या सावलीत शिकलगार बसलाय, रास्त्यांच्या पागेतल्या तलवारी घेऊन. शिकल म्हणजे हत्याराला चकाकी आणणं. शब्द अरबीतून आला आणि आपल्या सातारा-सांगलीकडे आडनाव होऊन राहिला.

त्याचं चाक बाजारातून आणलेलं नाही. कुरुंदाचा दगड कुटून, लाखेत कालवून त्यानं ते घरीच थापलंय. आसाला वादीचे वेढे आहेत आणि तिची दोन्ही टोकं तुमच्या हातात. डावं ओढा, उजवं ओढा, डावं, उजवं. चाक एकदा इकडे, एकदा तिकडे. ताक घुसळताना रवी फिरते तसं. तुम्ही जमिनीवर बसलाय, कंबर मोडतेय, आणि समोरच्याची तलवार चाकाला भिडली की लाख तापून गोडसर, उदासारखा वास सुटतो. फार रेटलं तर लाख पाघळते आणि चाक पात्याला चिकटतं, म्हणून तोही म्हणतो, दमानं. शब्द वेगळे असतील. पावणेदोनशे वर्षांनी तात्या म्हणतील तेच.

इथे फार थांबायला नको, तुमची पाठ जाईल.

सुलट फिरवा आता, झरझर. १८९१ वरून जाताना अमेरिकेत एक ॲचेसन दिसेल. विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करायला निघाला आणि हाती लागलं कार्बोरंडम. तेव्हापासून दगड खाणीतून नव्हे, भट्टीतून यायला लागला. १९४१ ला उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेलची चाकं आपल्याकडेच व्हायला लागली. तात्यांच्या पालात वीज आली. आणि तुमच्या लहानपणी, आठवतंय का, दुपारी गल्लीत सायकल यायची. “धाऽऽर लावायचीय का, सुरी-कात्री-विळीऽऽ!” तो सायकल स्टँडला लावायचा, पायानं पेडल मारायचा आणि हातानं सुरी धरायचा. तोच फिरवणारा, तोच धरणारा. आपण दारात उभं राहून ठिणग्या बघायचो. दांड्यापाशी पोराची गरज कुणालाच राहिली नव्हती. ते पोर शाळेत गेलं, बरंच झालं. मला ते पोर फक्त पुसलं जायला नकोय.

आलात. पडवी, कीस, चहाचा कप. दांडा अजून हातात आहे तुमच्या, सोडू नका.

ही विळी माझ्या आजीची. पातं निम्मं झिजलंय, लाकडाचा पाट मधे खोलगट झालाय. विजेच्या चाकावर मी ती नेत नाही. आणि एकट्यानं दांडा फिरवत ती धरता येत नाही, पाट सांभाळायला दोन्ही हात लागतात. गेले दोन महिने ती तशीच बोथट पडून आहे, तुमच्या वाटेकडे डोळे लावून.

मी धरतो. तुम्ही फिरवा. दमानं, एकसारखं. चाकाचा सूर चढू द्या आधी… हं. आता टेकवतो.