सामूहिक जलतरणप्रारंभ (ट्रायथलॉन)

ट्रायथलॉन या क्रीडाप्रकारात पोहण्याच्या टप्प्याची सुरुवात सर्व किंवा बहुसंख्य स्पर्धकांनी एकाच इशाऱ्यावर करणे, यास सामूहिक जलतरणप्रारंभ किंवा सामूहिक प्रारंभ असे म्हणतात. समुद्र, सरोवर, नदी किंवा कालवा अशा खुल्या पाण्यात शेकडो स्पर्धक एकाच दिशेने निघाल्यामुळे पहिल्या काही मिनिटांत दाट गर्दी होते. हातपाय एकमेकांना लागणे, गॉगल निघणे, नाकातोंडात पाणी जाणे आणि दिशा चुकणे हे प्रकार या गर्दीत नेहमी घडतात. खळबळलेल्या पाण्यामुळे खेळाडू या अवस्थेला ‘वॉशिंग मशीन’ असेही म्हणतात. ट्रायथलॉनमधील आकस्मिक मृत्यूंपैकी बहुतांश मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले असल्याने प्रारंभाची पद्धत आणि गर्दीत पोहण्याची तयारी हे या खेळातील सुरक्षिततेचे महत्त्वाचे विषय मानले जातात.

पार्श्वभूमी

आधुनिक ट्रायथलॉनची पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथील मिशन बे परिसरात झाली. त्या स्पर्धेची सुरुवात धावण्याने झाली होती. पुढे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हा क्रम रूढ झाला. थकलेल्या अवस्थेत खोल पाण्यात उतरणे धोक्याचे असल्याने पोहणे आधी ठेवणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य मानले जाते. मात्र याच क्रमामुळे सर्व स्पर्धक पाण्यात एकाच वेळी पोहोचतात. सायकल व धावण्याच्या टप्प्यांपर्यंत वेगातील फरकामुळे गर्दी आपोआप पांगलेली असते. पोहण्याच्या आरंभी ती सर्वाधिक दाट असते.

हवाई बेटांवर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झालेल्या पहिल्या आयर्नमॅन स्पर्धेत केवळ १५ स्पर्धक उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. इतक्या लहान संख्येत गर्दीचा प्रश्नच नव्हता. पुढे ही स्पर्धा हवाई बेटावरील कैलुआ-कोना येथे स्थिरावली व स्पर्धकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तोफेच्या आवाजासरशी कैलुआ उपसागरात निघणारा हा समूह आयर्नमॅनची ओळख बनला. ट्रायथलॉनचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००० साली सिडनी येथे झाला.

पोहण्याचे अंतर स्पर्धेच्या प्रकारानुसार बदलते. स्प्रिंट प्रकारात ते ७५० मीटर, ऑलिंपिक प्रकारात १.५ किलोमीटर, अर्ध-आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर आणि पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर असते.

प्रारंभाचे प्रकार

सामूहिक प्रारंभ : सर्व स्पर्धक एकत्र निघतात. जो आधी अंतिम रेषा ओलांडेल तो पुढे, असा निकाल सरळ लागतो. गर्दी मात्र सर्वाधिक असते.

टप्प्याटप्प्याने प्रारंभ : वयोगट, लिंग किंवा अपेक्षित वेळेनुसार स्पर्धकांचे गट पाडून काही मिनिटांच्या अंतराने सोडले जातात. जर्मनीतील रोथ येथील स्पर्धेत माइन-डॅन्यूब कालव्यात अशा पद्धतीने गट सोडले जातात. या पद्धतीत मागून आलेल्या गटातील वेगवान स्पर्धक पुढील गटातील संथ स्पर्धकांना गाठतात व तेथे पुन्हा गर्दी होऊ शकते.

सलग प्रारंभ : स्पर्धक आपल्या अपेक्षित वेळेनुसार रांगेत उभे राहतात आणि काही सेकंदांच्या अंतराने थोडेथोडे पाण्यात उतरतात. घोट्याला बांधलेली इलेक्ट्रॉनिक चिप प्रारंभरेषेवरील पट्टी ओलांडताच त्या स्पर्धकाची वेळ सुरू होते.

प्रारंभाच्या जागेवरूनही भेद केले जातात. किनाऱ्यावरून धावत पाण्यात शिरणे, खोल पाण्यात तरंगत इशाऱ्याची वाट पाहणे आणि तरंगत्या फलाटावरून सूर मारणे या तीन पद्धती प्रचलित आहेत. अव्वल दर्जाच्या स्पर्धांत प्रामुख्याने फलाटाचा वापर होतो. टोकियो ऑलिंपिकमधील पुरुषांच्या शर्यतीत २६ जुलै २०२१ रोजी काही खेळाडूंच्या समोर नौका असतानाच प्रारंभाचा भोंगा वाजला. निम्म्या खेळाडूंनी सूर मारला, बाकीचे फलाटावरच अडकले आणि शर्यत पुन्हा सुरू करावी लागली.

गर्दीच्या जागा

गर्दी संपूर्ण मार्गावर सारखी नसते. पहिली दाटी प्रारंभानंतर लगेच होते. दुसरी पहिल्या वळणाच्या बोयापाशी होते, कारण जवळचा मार्ग साधण्यासाठी सर्वजण एकाच बिंदूकडे वळतात. तिसरी बाहेर पडण्याच्या जागी होते. प्रवाह असलेल्या पाण्यात याखेरीज आणखी एक कारण असते : प्रवाहाविरुद्ध पोहताना सर्वजण कमी वेगाच्या पाण्याचा पट्टा शोधतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२४ रोजी सीन नदीत प्रवाहाविरुद्ध परतताना खेळाडू काठाच्या भिंतीलगत एका ओळीत आले होते.

गर्दीचा सगळा परिणाम प्रतिकूल नसतो. पुढील जलतरणपटूच्या पायांमागे किंवा त्याच्या कमरेलगत पोहल्यास पाण्याचा अवरोध घटतो व ऊर्जा वाचते. यास ड्राफ्टिंग म्हणतात. सायकलच्या टप्प्यात अनेक स्पर्धांत ड्राफ्टिंगला बंदी असली, तरी पोहण्यात ते नियमबाह्य नाही. त्यामुळे अनुभवी स्पर्धक समूहापासून दूर न जाता त्यात योग्य जागा शोधतात.

शारीरिक व मानसिक परिणाम

थंड पाण्यात अचानक उतरल्यास प्रथम धाप लागते, श्वास जलद होतो व हृदयाचे ठोके वाढतात. ही ‘शीत आघात’ प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या मिनिटात तीव्र असते आणि साधारणतः दोनतीन मिनिटांत ओसरते. सामूहिक प्रारंभात नेमक्या याच मिनिटांत स्पर्धक सर्वाधिक वेगाने पोहत असतो व सर्वाधिक धक्केही खात असतो.

चेहरा पाण्यात बुडवून श्वास रोखल्यास शरीराची उलट प्रतिक्रिया होते व हृदयाची गती मंदावते. गती वाढवणारे आणि मंदावणारे असे दोन्ही संदेश हृदयाला एकाच वेळी मिळाल्यास त्याचा ताल बिघडू शकतो, अशी मांडणी मायकेल शॅटॉक व माइक टिप्टन या ब्रिटिश संशोधकांनी २०१२ मध्ये केली. पोहताना फुफ्फुसांत द्रव साचण्याचा विकारही काही स्पर्धकांत आढळतो. खोकला, फेसाळ किंवा रक्तमिश्रित थुंकी आणि न थांबणारी धाप ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी पोहणे थांबवून पाण्याबाहेर येणे आवश्यक असते.

भीतीचा झटका हा नवोदितांमध्ये सामान्य अनुभव आहे. तळ न दिसणे, धरायला काठ नसणे आणि चारही बाजूंनी माणसे असणे यांमुळे श्वास उथळ होतो. श्वास पुरेसा बाहेर न सोडल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून गुदमरल्याची भावना वाढते. छातीवर घट्ट बसणाऱ्या वेटसूटमुळे तिच्यात भर पडू शकते.

मृत्यू व संशोधन

केव्हिन हॅरिस व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील २००६ ते २००८ या काळातील ९,५९,२१४ सहभागांची नोंद तपासली गेली. त्यांत १४ मृत्यू आढळले व त्यांपैकी १३ पोहताना झाले होते. याच संशोधकांच्या २०१७ मधील विस्तृत अभ्यासात १९८५ ते २०१६ दरम्यानच्या १३५ घटना तपासण्यात आल्या. त्यांत आकस्मिक मृत्यू, हृदयक्रिया बंद पडून वाचलेले रुग्ण व अपघाती मृत्यू यांचा समावेश होता. ९० घटना पोहताना, १५ धावताना, ७ सायकल चालवताना व ८ स्पर्धेनंतर घडल्या. उर्वरित १५ मृत्यू सायकलच्या टप्प्यातील अपघातांचे होते. या व्यक्तींचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते व ८५ टक्के पुरुष होते. घटनांचे प्रमाण एक लाख सहभागांमागे १.७४ इतके होते. शवविच्छेदनाचे अहवाल उपलब्ध असलेल्या ६१ जणांपैकी २७ जणांत हृदय व रक्तवाहिन्यांचे दखलपात्र दोष आढळले.

गर्दी हेच या मृत्यूंचे कारण होते, असे वरील आकड्यांवरून सिद्ध होत नाही. सुप्त हृदयविकार, थंड पाणी, पहिल्या मिनिटांतील अतिश्रम व भीती हे घटक एकत्र येतात आणि त्यांना वेगळे करणे कठीण असते. पाण्यात कोसळलेली व्यक्ती गर्दीत चटकन दिसत नाही व तिला बाहेर काढण्यास वेळ लागतो. रस्त्यावर कोसळलेल्या धावपटूला मात्र तत्काळ मदत मिळू शकते. या कारणास्तव मध्यमवयीन स्पर्धकांना, विशेषतः पुरुषांना, स्पर्धेपूर्वी हृदयाची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

जलतरणपटूंची तयारी व तंत्रे

जागेची निवड : नवोदितांनी समूहाच्या मागे किंवा कडेला, पहिल्या वळणाच्या बाहेरील बाजूस उभे राहावे, असे प्रशिक्षक सुचवतात. बाहेरून वळसा घेतल्याने अंतर थोडे वाढते. परंतु मोकळ्या पाण्यात श्वासाची लय टिकत असल्याने एकूण वेळेत फारसा तोटा होत नाही.

पाण्याची सवय : इशाऱ्यापूर्वी पाण्यात उतरून चेहरा भिजवणे, वेटसूटमध्ये थोडे पाणी शिरू देणे व काही मिनिटे हळू पोहणे यांमुळे शीत आघाताची तीव्रता मुख्य शर्यतीआधी ओसरते.

श्वसन : पाण्यात श्वास सतत बाहेर सोडणे ही मूलभूत सवय होय. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येत असल्यास लाट किंवा शेजारचा जलतरणपटू ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूस तोंड वळवता येते.

दिशा पाहणे : तलावाच्या तळाशी असते तशी काळी रेघ खुल्या पाण्यात नसते. दर काही हातांनंतर डोळे पाण्याच्या किंचित वर आणून बोया किंवा त्यामागील झाड, इमारत अशी उंच खूण पाहिली जाते. डोके फार उचलल्यास कंबर खाली जाते व वेग घटतो. पुढील स्पर्धकाच्या मागे आंधळेपणाने गेल्यास त्याची चूक आपलीही होते.

संपर्क झाल्यास : समोर हात किंचित रुंद ठेवल्याने चेहऱ्याचा बचाव होतो. गॉगलचा पट्टा टोपीखाली घेऊन वर दुसरी टोपी घातल्यास तो सहजासहजी निघत नाही. पायांना वारंवार स्पर्श होत असल्यास बाजूला सरकणे हे प्रतिकार करण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

भीती वाटल्यास : वेग कमी करणे, काही हात ब्रेस्टस्ट्रोकने पोहणे किंवा उताणे तरंगून श्वास पूर्ववत होऊ देणे हे मान्य उपाय आहेत. मात्र भर गर्दीत एकाएकी थांबल्यास मागचे स्पर्धक अंगावर येतात. म्हणून आधी कडेला सरकावे लागते.

सराव : चारपाच जणांनी तलावातील एकाच मार्गिकेत शेजारीशेजारी पोहणे, एका बोयाभोवती एकत्र वळणे आणि गॉगल पाण्यातच पुन्हा घालणे असे सराव गटाने केले जातात. खुल्या पाण्यात एकट्याने सराव करणे सर्वत्र धोक्याचे मानले जाते.

नियम

अनवधानाने झालेला स्पर्श हा खेळाचा भाग मानला जातो. हेतुपुरस्सर मारणे, ओढणे, बुडवणे किंवा अडवणे यासाठी दंड किंवा बाद करण्याची तरतूद असते. कोणत्याही शैलीत पोहण्याची मुभा असते. बोया किंवा थांबलेल्या होडीला धरून विश्रांती घेता येते, परंतु त्याआधारे पुढे सरकता येत नाही. संकटात हात उंच करून मदत मागावी लागते. वेटसूटची जाडी जास्तीत जास्त ५ मिलिमीटर असू शकते व त्याचा वापर पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. आयर्नमॅन मालिकेत हौशी स्पर्धकांसाठी ही मर्यादा २४.५ अंश सेल्सियस आहे.

आयोजकांच्या उपाययोजना

आयर्नमॅन संस्थेने २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेतील काही स्पर्धांत जलतरण-सुरक्षेचा उपक्रम सुरू केला. सलग प्रारंभ, अधिक बोया, विश्रांतीसाठी तराफे व स्पर्धेपूर्वी पाण्यात उतरण्याची सोय हे त्याचे भाग होते. कोना येथे २०१४ पासून हौशी पुरुष व महिला वेगवेगळ्या वेळी सोडण्यात येऊ लागले आणि २०१९ पासून वयोगटानुसार प्रारंभ सुरू झाला. जीवरक्षक, कयाक, मोटरबोटी, गटवार रंगीत टोप्या आणि पाण्यात उतरलेल्या व बाहेर आलेल्या व्यक्तींची मोजणी या व्यवस्था आता सर्वसाधारण आहेत.

बदलांवर टीकाही झाली आहे. सलग प्रारंभात शेजारचा प्रतिस्पर्धी आपल्या पुढे आहे की मागे, हे स्पर्धा संपेपर्यंत कळत नाही. अपेक्षित वेळ फुगवून सांगणारे स्पर्धक पुढच्या रांगेत उभे राहिल्यास गर्दी कमी होण्याचा हेतूही फसतो. सामूहिक प्रारंभाचा थरार हे या खेळाचे वैशिष्ट्य होते, असे मानणारा वर्गही आहे.

भारतातील स्थिती

गोव्यात पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी अर्ध-आयर्नमॅन अंतराची स्पर्धा प्रथम झाली. तिचा १.९ किलोमीटरचा जलतरण टप्पा अरबी समुद्रात असतो. तेथील पाणी उबदार असल्याने शीत आघाताचा धोका नसतो. परंतु वेटसूटमुळे मिळणारे तरंगण्याचे साहाय्यही मिळत नाही. महाराष्ट्रात कोल्हापूर येथे ट्रायथलॉन स्पर्धा भरतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धा आणि मुंबईतील संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया ही स्पर्धा ट्रायथलॉन नसल्या, तरी समूहात समुद्रात पोहण्याचा अनुभव देतात.

पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहणे शिकण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील रीत खोल व गढूळ पाण्याची भीती घालवते. शहरांतील बहुतेक ट्रायथलॉनपटू मात्र तरणतलावातच शिकतात. त्यांच्यासाठी पहिली स्पर्धा हाच अनेकदा खुल्या पाण्याचा व गर्दीचा पहिला अनुभव ठरतो. त्यामुळे मुख्य स्पर्धेपूर्वी जीवरक्षकांच्या देखरेखीखाली समूहाने खुल्या पाण्यात सराव करणे आवश्यक मानले जाते.

हेही पहा

ट्रायथलॉन
आयर्नमॅन
खुल्या पाण्यातील जलतरण
ऑलिंपिक खेळांतील ट्रायथलॉन